खताच्या दुकानात डिलीट नसतं : बीसीएच्या एका प्रकल्पाचं प्रकरण

परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बीसीएच्या अंतिम वर्षाला शिकणाऱ्या चौघांनी २०२५-२६ मध्ये सेलूच्या मोंढ्यातल्या एका कृषी सेवा केंद्रासाठी बिलिंग, साठा आणि उधारी सांभाळणारं सॉफ्टवेअर तयार केलं. दोन मुली, दोन मुलं. मार्गदर्शक म्हणून मी वर्षभर त्यांच्यासोबत होते. अंतिम वर्षाचे प्रकल्प बहुतेक वेळा ग्रंथालयाचे नाहीतर दवाखान्याचे असतात. आराखडा मागच्या वर्षीच्या मुलांकडून येतो, आणि ज्याच्यासाठी तो केला म्हणायचं तो माणूस कुठंच नसतो. या गटातल्या एका मुलाचे मामा त्या दुकानाचे मालक, म्हणून यांना खरं दुकान मिळालं. त्या दुकानानं डेटाबेसबद्दल, म्हणजे संगणकात नोंदी साठवायच्या रचनेबद्दल, त्यांना जे शिकवलं, ते नुसत्या फळ्यावर शिकवणं मला जमलं नसतं. व्यवसायासाठी सॉफ्टवेअर करायला शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या दोघांनाही उपयोगी पडेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

दुकान मध्यम आहे. समोर काउंटर, मागं गोदाम, दारात युरिया आणि डीएपीच्या थप्प्या. बियाणं, खत आणि कीटकनाशक यांचे वेगवेगळे परवाने भिंतीवर चौकटीत लावलेले, कारण तिन्हींचे कायदे वेगळे आहेत. बियाण्यासाठी १९६६ चा कायदा आणि १९८३ चा नियंत्रण आदेश, खतासाठी १९८५ चा खत नियंत्रण आदेश, कीटकनाशकासाठी १९६८ चा कायदा. जीएसटीतही तिघांची घरं वेगळी. पेरणीचं बियाणं करमुक्त, रासायनिक खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. एकाच शेतकऱ्याच्या एकाच बिलावर ही तिन्ही येतात. मृगाचा पाऊस पडला की थोड्याच दिवसांत वर्षातली मोठी विक्री होऊन जाते, आणि तिचा बराचसा भाग उधार असतो. सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आगेमागे वसुली, कापूस असेल तर त्याच्याही पुढं.

हा सगळा हिशेब मुनीमकाका हातानं ठेवतात. कीर्द (रोजच्या नोंदींची वही), खतावणी (खात्यावार नोंदींची) आणि एक जाड उधारीची वही. मालकांची मागणी एका वाक्याची होती : "शेतकरी दारात उभा राहिला की त्याची बाकी आन त्यानं नेलेला माल लगेच दिसला पाहिजे." मुलांना वाटलं, हे तर महिन्याभराचं काम.

मुनीमकाकांची मागणी वेगळी होती आणि ती त्यांनी बोलून न सांगता कपाटातल्या एका फायलीतून दाखवली. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून गावोगावहून तक्रारी आल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तेव्हा त्याची स्वतःहून दखल घेतली. तालुक्याला कृषी विभागाची समिती शेतात पंचनामा करायला येते, तेव्हा शेतकऱ्याकडं खरेदीची पावती, पिशवी आणि पिशवीचं लेबल मागते. पावतीवर लॉट नंबर (एकत्र तयार झालेल्या मालाच्या गटाचा क्रमांक) नसेल तर कुठल्या कंपनीच्या कुठल्या लॉटमधलं बियाणं उगवलं नाही, हे सांगायचं कशावरून? त्या वर्षीच्या प्रत्येक पावतीच्या कार्बन प्रतीवर काकांनी लॉट नंबर हातानं लिहिलेला होता. फाईल मुलांसमोर ठेवून ते म्हणाले, "एवढं तुमच्या मशीनीत येत असेल तर पुढचं बोलू."

पहिला आराखडा

गटानं पीएचपी ही वेबची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस निवडला, दोन्ही एकत्र चालवणारं झॅम्प दुकानातल्या संगणकावर टाकलं. प्रॉडक्ट नावाच्या टेबलात (टेबल म्हणजे डेटाबेसमधला ओळी-रकान्यांचा तक्ता) मालाचं नाव, दर, कराचा दर आणि शिल्लक. कस्टमर टेबलात नाव, गाव, मोबाइल आणि बाकी. बिल सेव्ह झालं की प्रॉडक्टची शिल्लक तेवढ्यानं कमी आणि कस्टमरची बाकी तेवढ्यानं जास्त. प्रत्येक ओळीपुढं एडिट आणि डिलीट अशी दोन बटणं. आपल्याकडं वेब प्रोग्रामिंग बहुतेक असंच शिकवतात : फॉर्म, टेबल, ॲड, एडिट, डिलीट, लॉगिन. परीक्षेपुरतं ते पुरतंही.

ऑगस्टमध्ये दुकानात पहिलं प्रात्यक्षिक झालं. गटातल्या मुलीनं एक बिल उघडलं, डीएपीच्या ३ गोण्यांच्या २ केल्या, सेव्ह केलं. शेतकऱ्याची बाकी आपोआप १,३५० रुपयांनी कमी झाली. तिला वाटलं, काका खूश होतील.

"आन आधी तीन होत्या, हे कुठं दिसतंय?"

"आता नाही दिसत काका, बदललं ना आपण."

"मंग उद्या शेतकरी म्हणला मी दोनच नेल्या, आन मी म्हणलो तीन, तर कुणाचं खरं धरायचं?"

तिच्याकडं उत्तर नव्हतं. काकांनी खतावणी उघडली आणि मागच्या वर्षातली एक चूक दाखवली. चुकीची नोंद तशीच होती, एक अक्षरही खोडलेलं नव्हतं. खाली वेगळ्या तारखेला तेवढीच रक्कम जमा बाजूला टाकून पुढं लिहिलेलं, 'नजरचुकीने नावे पडले ते परत'. त्याच्याखाली बरोबर नोंद. "वहीत खोडत नसतेत पोरी. खोडलं की वहीवरचा भरोसा गेला."

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा धडा हाच. बीसीएला हिशेबशास्त्राचा पेपर असतो. जमा-नावे, कीर्द, खतावणी, चूक दुरुस्तीच्या नोंदी मुलं त्यात शिकतात आणि मार्कही मिळवतात. पण तो पेपर वाणिज्य विभागाचे शिक्षक शिकवतात, डेटाबेसचा पेपर संगणक विभागाचे, आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात हे मुलांच्या लक्षात आणून देणारा तास वेळापत्रकात नसतो. खतावणी म्हणजे असं टेबल, ज्यात फक्त भर पडते. तिथं 'बाकी' साठवून ठेवलेली नसते. ती नोंदींची बेरीज असते. अशा टेबलात डिलीट ठेवायचंच नाही, ही शिस्त सॉफ्टवेअरच्या कुठल्याही फ्रेमवर्कच्या, म्हणजे तयार सांगाड्याच्या, फार आधीची आहे.

गटानं घरी जाऊन शिल्लक आणि बाकी हे दोन्ही कॉलम काढून टाकले. त्यांच्या जागी हालचालींचं एक टेबल आलं : तारीख, कोणता लॉट, किती, आत आला की बाहेर गेला, कोणत्या कागदामुळं, कुणी नोंदवलं. उधारीसाठी तसंच दुसरं. शिल्लक हवी असेल तर बेरीज करायची. एका मुलाला वेगाची काळजी वाटत होती. प्रत्येक वेळी बेरीज म्हणजे संगणक रेंगाळणार, असं त्याचं म्हणणं. पण एका दुकानाच्या वर्षभराच्या नोंदी काही हजारांच्या घरातल्या. नीट इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) असेल तर मायएसक्यूएलला तेवढी बेरीज जाणवतही नाही. पुढं त्यांनी आपण होऊन एक चांगली गोष्ट केली. सॉफ्टवेअर ज्या डेटाबेस युजरच्या नावानं चालतं, त्याला या दोन टेबलांवर फक्त वाचायचे आणि नवी ओळ घालायचे अधिकार दिले, बदलायचे आणि पुसायचे दिलेच नाहीत. त्यामुळं उद्या कुणी नव्या स्क्रीनवर चुकून डिलीटचं बटण आणलं तरी डेटाबेस नकार देईल.

लॉट खरा की सोयीचा

लॉटचं टेबल आलं तेव्हा कळलं की पूर्वी मालाच्या नावापुढं लिहिलेल्या निम्म्या गोष्टी खरं तर लॉटच्या आहेत. छापील किंमत लॉटची. कीटकनाशकाची मुदत लॉटची. बियाण्याची चाचणी तारीख आणि वैधता लॉटची. एमएयूएस ७१ हे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सोयाबीनचं वाण, पण दुकानात ते वेगवेगळ्या लॉटच्या पिशव्यांमधून येतं. सरकारनं ठरवलेल्या किमतीपेक्षा जास्त दरानं खत विकता येत नाही. म्हणून बिलातला दर लॉटवरच्या छापील किमतीपुढं गेला की बिल पुढं सरकत नाही, अशी अट घातली. मुदत संपलेलं कीटकनाशक वेगळं काढून 'विक्रीसाठी नाही' असं लिहून ठेवावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळी जागा केली. तिथला माल बिलात दिसतच नाही.

मग गटानं एक हुशारी केली. ज्या लॉटची मुदत आधी संपते तो बिलावर आपोआप येईल अशी सोय. पुस्तकात या पद्धतीला मान आहे, औषधाच्या दुकानात ती हवीच. इथं मुनीमकाकांनी ती थांबवली. गोदामातला पोरगा थप्पीच्या पुढची पिशवी उचलतो, संगणकाला विचारून नाही. बिलावर एक लॉट आणि शेतकऱ्याच्या हातात दुसरा, असं झालं तर २०२० सारख्या वर्षी ती पावती शेतकऱ्याच्याच विरोधात जाईल. लॉट नंबर कोरा असणं वाईट, पण खोटा असणं त्याहून वाईट. आता सॉफ्टवेअर कोणता लॉट आधी द्यायचा ते सुचवतं, पण पिशवीवरच्या लेबलाचा नंबर बघून टाकल्याशिवाय बियाण्याची ओळ पुरी होत नाही. गर्दीच्या दिवशी प्रत्येक ओळीला थोडा वेळ जास्त लागतो. मालकांनी तो मान्य केला.

नॉर्मलायझेशनचा वाद आणि २२ सप्टेंबर

ऑगस्टच्याच आढावा बैठकीत गटाशी माझा एक वाद झाला. बिलाच्या ओळीत त्यांनी फक्त मालाचा क्रमांक आणि नग ठेवले होते. दर आणि कराचा दर प्रॉडक्ट टेबलातून घ्यायचे. मी म्हटलं, विकताना जो दर आणि जो कर लागला तो बिलाच्या ओळीतच लिहून ठेवा. गटातल्या अभ्यासू मुलीनं डेटाबेसचं पुस्तक पुढं केलं. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवणं म्हणजे पुनरावृत्ती, तिसरा नॉर्मल फॉर्म मोडतो. (टेबलं अशी मांडायची की एक माहिती एकाच जागी राहील, हे नॉर्मलायझेशन; नॉर्मल फॉर्म म्हणजे त्याचे नियम.) एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये माहिती टेबलांत ठेवायचं रिलेशनल मॉडेल मांडलं आणि नॉर्मल फॉर्मही त्यांच्याच कामातून आले. मुलगी मन लावून शिकली होती, तिच्या म्हणण्यात जोर होता. चाचणी वहीच्या जोडीनं चालू होती, दुकानाचं काही बिघडणार नव्हतं, म्हणून मी आग्रह धरला नाही.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. रासायनिक खत ५ टक्क्यांवर आणि रासायनिक कीटकनाशक १८ टक्क्यांवरच राहिलं, पण सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि ठरावीक जैविक कीटकनाशकं १२ वरून ५ टक्क्यांवर आली. मुलांनी तत्परतेनं प्रॉडक्ट टेबलात १२ च्या जागी ५ केले.

चारच दिवसांनी एक शेतकरी ऑगस्टमध्ये नेलेलं सूक्ष्म अन्नद्रव्याचं न फोडलेलं पाकीट परत घेऊन आला. करासह किंमत ५६० रुपये, म्हणजे मूळ किंमत ५०० आणि कर ६०. सॉफ्टवेअरनं परतीची क्रेडिट नोट (रक्कम परत जमा केल्याचा कागद) काढली तिच्यावर कर २६ रुपये ६७ पैसे. शंका आली म्हणून जुनं बिल पुन्हा छापलं, तर त्यावरही २६.६७. त्याच्याही मागची सगळी बिलं बघितली. ऑगस्टमध्ये शेतकऱ्याला दिलेल्या कागदावर ६० होते आणि संगणकातल्या ऑगस्टमध्ये आता २६.६७. हे दुकान जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण तिमाही भरतं. जुलै ते सप्टेंबरच्या विवरणात याच मालावर २१ तारखेपर्यंत १२ आणि २२ पासून ५ टक्के दिसायला हवेत, आणि संगणकाच्या लेखी १२ टक्के कधी नव्हतेच.

मुलीनं स्वतःहून वही काढली आणि पुन्हा विचार मांडला. तो तिच्याच शब्दांत मला फार आवडला : "मॅडम, प्रॉडक्टमधला दर म्हणजे आजचा दर. बिलातला दर म्हणजे त्या दिवशी काय झालं ते. दोन्ही आकडे सारखे दिसले तरी ही दोन वेगळी माहिती आहे." अगदी बरोबर. बिलाच्या ओळीतला दर हा मालाचा गुणधर्म नाही, विक्रीचा आहे. तो तिथं ठेवल्यानं तिसरा नॉर्मल फॉर्म मोडत नाही. कॉड चुकले नव्हते, कोणती गोष्ट कशावर अवलंबून आहे ते ठरवताना काळ सुटला होता. हे उत्तर मी ऑगस्टमध्ये तोंडानं दिलं असतं तर तिनं वहीत उतरवून घेतलं असतं, एवढंच.

यानंतर कराचे दर वेगळ्या टेबलात गेले : कोणता गट, किती टक्के, कोणत्या तारखेपासून. जुना दर जागेवर राहतो, नवा त्याच्या खाली येतो. बिल होताना त्या तारखेचा दर उचलून ओळीत कायमचा लिहिला जातो, आणि परतीची नोंद मूळ बिलाच्या ओळीवरून कर घेते. शेतकऱ्याचं नाव आणि गावही बिलात तसंच उतरवलं. पुढं त्यानं नाव दुरुस्त करून घेतलं तरी जुनी पावती बदलत नाही.

एक पैसा

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्यात ५ टक्के जीएसटी धरलेला. मूळ किंमत काढायची तर २६६.५० ला १.०५ नं भागायचं : २५३.८०९५, म्हणजे २५३.८१. त्याच्या अडीच टक्के सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ६.३५, तेवढाच एसजीएसटी (राज्याचा). बेरीज २६६.५१. एक पैसा जास्त. १० गोण्या घेतल्या तर मूळ किंमत २५३८.१०, दोन्ही कर प्रत्येकी ६३.४५, बेरीज बरोबर २६६५. मुलांनी १० गोण्यांचं बिल करून चाचणी केली होती म्हणून हे सुटलं. एका गोणीच्या बिलावर काकांनी पकडलं.

मुलांचा पहिला संशय फ्लोटवर, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारावर. तो चुकीचा नव्हता, कारण रकमा खरंच फ्लोटमध्ये होत्या. द्विमान पद्धतीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, म्हणून पैशाचा आकडा फ्लोटमध्ये ठेवायचा नसतो. दशांश नेमके साठवणारं डेसिमल वापरलं. एक पैसा तरीही जास्तच. कारण तो साठवणीतून आलेला नव्हता, पूर्णांकन कुठल्या टप्प्यावर करायचं या निर्णयातून आलेला होता. एकूण कर १२.६९, आणि विषम पैशाचे दोन सारखे भाग होत नाहीत. उपाय म्हणून आधी दोन्ही कर ठरवायचे, ६.३५ आणि ६.३५, मग छापील किमतीतून ते वजा करून मूळ किंमत २५३.८० धरायची. बेरीज २६६.५०. सगळ्या बिलाची रक्कम रुपयात आणताना जो फरक पडतो तो 'राउंड ऑफ' नावाच्या स्वतंत्र ओळीत. एका पैशासाठी इतका खटाटोप कशाला, असं एकानं विचारलं. पेरणीच्या दिवसांत एकेका गोणीची बिलं ढिगानं होतात, आणि रोजमेळ संध्याकाळी जुळला नाही तर मुनीमकाका घरी जात नाहीत. मला हे कारण पुरेसं वाटतं.

नंबर, दोन काउंटर आणि वीज

जीएसटीच्या नियमाप्रमाणं बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात सलग आणि एकमेव असावा लागतो, १६ अक्षरांच्या आत. गटानं तो मायएसक्यूएलच्या ऑटो इन्क्रिमेंटवर, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या क्रमांकावर, सोडला होता. अर्ध्यात बिल फसलं आणि रोलबॅक झालं (झालेलं सगळं मागं फिरलं) तर ऑटो इन्क्रिमेंटचा तो नंबर परत येत नाही, मध्ये भोक पडतं. वर्षाअखेरीस सीए विचारतात, हा नंबर कुठं गेला? म्हणून क्रमांकासाठी वेगळं टेबल केलं. बिल जतन होण्याच्या त्याच व्यवहारात त्या ओळीला कुलूप लावून पुढचा नंबर घ्यायचा, सगळं पार पडलं तरच कमिट, म्हणजे नोंद पक्की. एप्रिल लागला की नवी मालिका. रद्द बिल रद्द असा शिक्का घेऊन जागेवरच राहतं.

हंगामात दुकानात दोन काउंटर चालतात. एकाच लॉटच्या शेवटच्या पिशव्या दोन्हीकडून विकल्या गेल्या तर? ज्या लॉटमधून माल जातो त्याची ओळ आधी 'फॉर अपडेट' म्हणून धरायची, मग शिल्लक बघायची, मग विकायची. दुसरा काउंटर तेवढा वेळ थांबतो. वर्गात ट्रान्झॅक्शन (एकतर सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा व्यवहार) शिकवताना बँकेतल्या दोन खात्यांचं उदाहरण देतात आणि मुलं ते पाठ करतात. इथं मधेच वीज गेली, बिलाचा मथळा जतन झालेला आणि ओळी नाहीत, असं एकदा प्रत्यक्ष घडलं, तेव्हा त्या धड्याला अर्थ आला.

बाकी अडचणी लवकर सुटल्या. एफपीडीएफ या पीएचपीच्या साधनानं काढलेल्या पावतीत देवनागरी नीट उमटेना, ते सोडून ब्राउझरचीच छपाई वापरली. शेतकऱ्याची ओळख मोबाइल नंबरवरून ठरवायची होती, पण एका घरात एकच नंबर आणि खाती तीन. शेवटी दुकानाचा स्वतःचा खाते क्रमांक, जो काकांच्या वहीत आधीपासून पान नंबर म्हणून होताच. एकानं आधार क्रमांक सुचवला. अनुदानित खत विकताना पॉस मशीनवर (विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर) आधार पडताळणी होते, ही यंत्रणा २०१८ पासून देशभर आहे, पण ती सरकारची आणि त्या कामापुरती. दुकानाच्या संगणकात शेतकऱ्यांचे आधार क्रमांक गोळा करून ठेवायचं काहीच कारण नाही. त्या दिवशी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आम्ही वर्गात वाचला.

अतिवृष्टीनंतर

सप्टेंबर २०२५ च्या पावसानं मराठवाड्यात काय झालं ते इथं कुणाला सांगायला नको. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, कित्येक ठिकाणी जमीनही खरवडून गेली. आमच्या चौघांपैकी दोघांच्या घरचं पीक त्यात होतं. ते काही दिवस महाविद्यालयात आले नाहीत.

दुकानात प्रश्न वेगळ्या रूपात आला. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक उधारीला मुदतीची तारीख होती, आणि मुदत टळली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर 'आपली बाकी थकली आहे' असा संदेश आपोआप जाईल अशी सोय गटानं मोठ्या कौतुकानं केली होती. प्रकल्प सादर करताना छाप पडेल असं तेच एक अंग. मालक म्हणाले, "यंदा दिवाळीला वसुली निघत नसती. ज्याचं वावरच वाहून गेलं त्याला काय मेसेज धाडता?" ज्याच्या घरचं पीक गेलं होतं त्या मुलानं स्वतःच तो भाग काढून टाकला. मी त्याला सांगितलं की अहवालात हे लिही : काय केलं होतं, का काढलं. गरजेचं विश्लेषण म्हणतात ते हेच, आणि त्याचा मान केलेल्या कामाइतकाच आहे.

मालकांना हवं होतं ते साधं. गावाप्रमाणं बाकीची यादी आणि मुदत वाढवून द्यायची सोय. पण मुदतीची तारीख बदलायची म्हणजे पुन्हा जुनी पुसायची. ती मुदतवाढही आता नोंद झाली : कोणत्या तारखेला, कुठपर्यंत, कुणाच्या शब्दावर. पुढच्या वर्षी कुणी म्हणालं की मुदत दिली नव्हती, तर दाखवायला कागद आहे, आणि तो शेतकऱ्याच्या बाजूचा कागद आहे.

आज काय स्थिती

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लॉगिन आणि डॅशबोर्डबद्दल विचारलं, मग एडिटचं बटण का नाही असं विचारलं. मुलीनं युरियाचं एक चुकलेलं बिल, त्याची उलटी नोंद आणि बरोबर नोंद अशा तीन ओळी पडद्यावर दाखवल्या. त्यानंतरचा सगळा वेळ त्यावरच गेला.

दुकानात सॉफ्टवेअर चालू आहे, काकांची वहीही चालू आहे. पेरणीपासून वसुलीपर्यंत एक पूर्ण हंगाम दोन्हीकडं सारखी बाकी निघाली तरच वही थांबवायची, असं मालकांनी ठरवलं आहे, आणि ती अट योग्य आहे. पॉस मशीनवरचा खताचा साठा, सॉफ्टवेअरमधला साठा आणि गोदामातला साठा यांचा मेळ सध्या हातानं आकडे टाकून घालावा लागतो. जुनी उधारी अजून वहीतच आहे. प्रत्येक खात्याला 'मागील बाकी' अशी एकच नोंद टाकायची, की मागच्या वर्षांच्या सगळ्या नोंदी एकेक करून चढवायच्या, यावर गटाचं आणि काकांचं एकमत झालेलं नाही. गटाला एक नोंद पुरेशी वाटते. काकांचं म्हणणं असं की एक नोंद चालेल, पण ती शेतकऱ्याला वहीचं पान दाखवून, त्याच्यासमोर टाकायची आणि पावतीवर त्याची सही घ्यायची. येत्या खरिपात शेतकरी बियाण्याला येतील तेव्हा हे काम पुढचा गट हातात घेणार आहे, आणि सहीची पावती कशी असावी याचा मसुदा काकांनी आताच लिहून दिला आहे.